तिजोरी मुंबईत, ठाणे तुळींजला

वसई-विरार महापालिकेची घरपट्टीची पावती एकदा शांतपणे वाचून पाहावी. मालमत्ता कर असतो, वृक्षकर असतो, शासनासाठी वसूल होणारा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असतो. पोलिसांसाठी एक ओळही नसते. तरीही गल्लीत घरफोडी झाली की आपण पहिला फोन ओळखीच्या नगरसेवकाला करतो, आणि 'आमच्याकडे पोलीसच नाहीत हो' हे गाऱ्हाणेही त्याच्याच कानावर घालतो. बिचारा 'बघतो' म्हणतो. बघण्यासारखे त्याच्या हातात काही नसते. २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेत प्रशासक होता. त्या काळात तर 'बघतो' म्हणणाराही उरला नव्हता, आणि पोलिसांच्या पैशात त्यामुळे एका रुपयाचाही फरक पडला नाही.

पोलिसांचा पैसा येतो कुठून, वाटतो कोण, कशाच्या आधारे वाटतो आणि आपल्या ठाण्यापर्यंत पोचताना त्यातला किती कामाचा उरतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय रुक्ष आहे हे आधीच कबूल करतो. पोलिसांवर आपल्याकडे कादंबऱ्या निघतात, सिनेमे निघतात. पोलिसांच्या लेखाशीर्षावर, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्यांच्या खर्चाच्या खात्यावर, कोणी सिनेमा काढलेला नाही. पण रात्री दोन वाजता गाडी येते की नाही, हे पुष्कळदा त्या लेखाशीर्षावरच ठरते.

आधी थोडे मागे जाऊ. शहराचा पोलीस शहराने पोसायचा, ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हती. मुंबईच्या महापालिकेवर शहर पोलिसांच्या खर्चाचा बोजा होता, आणि त्यावरून महापालिका व सरकार यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. पालिकेचे म्हणणे सरळ होते: पोलिसांवर हुकूम तुमचा चालतो, मग पैसे आम्ही का भरायचे? १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानेही पालिकांना पोलीस खर्चातून मोकळे करावे आणि त्याऐवजी शाळा-दवाखान्यांसारखी कामे त्यांच्याकडे द्यावीत, अशी दिशा दाखवली. मुंबईत ते प्रत्यक्षात यायला १९०७ साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने उचलला, आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत पालिकेच्या गळ्यात घातली. मुंबई महापालिका आज शाळा चालवते आणि पोलिसांना पगार देत नाही, त्याचे मूळ या सौद्यात आहे. सौदा वाईट नव्हता. पण पैसा गेला तसा पोलिसांविषयी जाब विचारण्याचा पालिकेचा हक्कही गेला, आणि पुढे आलेल्या पालिकांना, आपल्यासारख्या २००९ मध्ये जन्मलेल्या महापालिकेलासुद्धा, तो कधी मिळाला नाही.

राज्यघटनेने ही गोष्ट पक्की केली. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत पोलीस हा विषय दुसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणजे पोलीस राज्याचे आणि खर्चही राज्याचा. दर मार्चमध्ये विधिमंडळासमोर अर्थसंकल्प येतो, त्यात गृह विभागाची मागणी क्रमांक बी-१ असते. तिचे नाव पोलीस प्रशासन. तिच्या पोटात २०५५ हे महसुली खर्चाचे मुख्य लेखाशीर्ष आहे आणि इमारतींसारख्या भांडवली खर्चासाठी ४०५५. २०५५ च्या खाली पुन्हा फांद्या फुटतात: जिल्हा पोलीस वेगळे, गुन्हे अन्वेषण वेगळे, लोहमार्ग पोलीस वेगळे, बिनतारी यंत्रणा, न्यायवैद्यक, कल्याण, आधुनिकीकरण, सगळे वेगळे. आकडा डोळे दिपवणारा असतो. मात्र त्यातला फार मोठा हिस्सा वेतनातच जातो, आणि त्यात हलवाहलव करायला कोणालाच वाव नसतो. उरलेल्या पैशावर पेट्रोल, वीज, टेलिफोन, कागद, प्रवासभत्ता, दुरुस्ती, भाडे.

विधिमंडळाने मंजूर केलेली तरतूद वित्त विभाग हप्त्याहप्त्याने मोकळी करतो. ती गृह विभागाकडून कुलाब्याच्या पोलीस महासंचालक कार्यालयात येते, तिथून घटकप्रमुखांना वाटली जाते. घटकप्रमुख म्हणजे जिल्ह्यात पोलीस अधीक्षक, शहरात पोलीस आयुक्त. आणि इथे वाट संपते. वालीव, माणिकपूर किंवा तुळींज पोलीस ठाण्याला स्वतःचे अंदाजपत्रक नसते. ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकाच्या हाताखाली शंभरांवर माणसे असतील, हद्दीत काही लाख लोक राहत असतील, पण पंखा दुरुस्त करायचा तर त्याला वर लिहावे लागते. आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे ज्याच्या सहीने कोषागारातून पैसा निघतो तो, आयुक्तालयात बसतो.

एका गाडीचेच उदाहरण घ्या. ठाण्याची गाडी आयुक्तालयाच्या मोटार परिवहन विभागाच्या नावावर असते. तिला महिन्याचे इंधन ठरवून दिलेले असते. चालक प्रत्येक फेरी लॉगबुकात लिहितो: कुठून निघालो, कुठे गेलो, किती किलोमीटर. हद्द दाट वस्तीची असेल तर गाडी किलोमीटर कमी आणि तास जास्त चालते. रेल्वे फाटकाशी, उड्डाणपुलाखाली, बाजारातल्या कोंडीत इंजिन सुरू ठेवून उभी राहते. लॉगबुकात किलोमीटर दिसतात, कोंडी दिसत नाही. महिनाअखेरीस कोटा संपत आला की रात्रीच्या गस्तीच्या फेऱ्या आखडत्या घेतल्या जातात. त्यासाठी कोणी लेखी आदेश काढत नाही, काढायची गरजही पडत नाही. फेब्रुवारी-मार्च तर याहून चमत्कारिक. एखाद्या बाबीत खडखडाट, तर दुसऱ्या बाबीत ३१ मार्चच्या आत संपवायचा किंवा समर्पित करायचा, म्हणजे शासनाला परत द्यायचा, पैसा. प्रिंटर येतो, पण त्यात घालायला कागद नसतो. तक्रारदाराला 'येताना एक रीम घेऊन या' असे सांगितल्याचे किस्से महाराष्ट्रात इतक्या जणांनी ऐकले आहेत की त्याला आता भ्रष्टाचार म्हणायलाही कोणी धजत नाही. तो कार्यालयीन खर्चाच्या बाबीचा लोकांनी शोधलेला पर्याय झाला आहे.

मग घटकप्रमुखाला किती द्यायचे हे कशावर ठरते? वाचकाला वाटेल लोकसंख्येवर, गुन्ह्यांवर, भूभागावर. यांचा विचार होतच नाही असे नाही. पण रोजच्या व्यवहारात पैसा जातो मंजूर पदामागे. पद मंजूर असेल तर त्याचे वेतन, त्याचा भत्ता, त्याच्या गणवेशाचा खर्च आपोआप अंदाजपत्रकात चढतो. पद नसेल तर काहीच चढत नाही, मग हद्दीत माणसे कितीही येवोत. नवे पोलीस ठाणे हवे असेल तर आयुक्तांचा प्रस्ताव महासंचालकांकडे, तिथून गृह विभागाकडे, गृहमधून वित्तकडे, पदांसाठी सचिवांच्या उच्चस्तरीय समितीकडे, आणि सगळे जुळले तर शासन निर्णय. त्या शासन निर्णयाच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते: सदर खर्च अमुक लेखाशीर्षाखालील मंजूर तरतुदीतून भागविण्यात यावा. सगळा जीव त्या वाक्यात. 'मंजूर तरतुदीतून' म्हणजे नवा पैसा आला असे समजायचे कारण नाही, आहे त्यातलाच पुन्हा वाटला जाणार.

वसई-विरारचे दुखणे इथे आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात होती. त्यानंतर जनगणना झालीच नाही. २०२१ ची हुकली, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख मार्च २०२७ आहे. मधल्या काळात नालासोपारा पूर्वेला काय झाले, पेल्हार-धानीवच्या बाजूला चाळी किती उठल्या, नायगाव पूर्वेला किती मनोरे उभे राहिले, हे विरार लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या कोणालाही विचारा. कागदावर मात्र आपण अजून २०११ चे आहोत. देशपातळीवर लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस १९० च्या वर आणि प्रत्यक्षातले दीडशेच्या आसपास, असे चित्र अलीकडच्या वर्षांत पोलीस संशोधन व विकास ब्यूरोच्या आकडेवारीत दिसते. ते गुणोत्तर काढताना भाजक जुना धरला की उत्तर गोड येते.

१ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. सदानंद दाते हे पहिले आयुक्त. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला तेव्हापासून आपण पालघरच्या अधीक्षकांकडे होतो, मीरा-भाईंदर ठाणे ग्रामीणकडे. दोन्हीकडून हद्द तोडून, माणसे वर्ग करून हा नवा घटक बनला. जुन्या ठाण्यांच्या हद्दी फोडून पेल्हार, मांडवी, आचोळे, नायगाव, बोळिंज अशी ठाणीही पुढे झाली. गरज होतीच, याबद्दल दुमत नाही. मात्र आयुक्तालय म्हणजे पाटी आणि शिक्का नव्हे. नियंत्रण कक्ष, मुख्यालय, शस्त्रागार, मोटार परिवहन, सायबर शाखा, गुन्हे शाखा, बंदोबस्ताला राखीव माणसे हा सगळा संसार नव्याने मांडायचा असतो, आणि त्यातले प्रत्येक भांडे लेखाशीर्षातून यावे लागते. मुख्यालय खाडीपलीकडे मीरा रोडला. विरारच्या माणसाला आयुक्तांकडे जायचे तर भाईंदरची खाडी ओलांडावी लागते.

या रचनेतला सर्वांत मजेशीर भाग जिल्हा नियोजनाचा. जिल्हा वार्षिक योजनेच्या सर्वसाधारण निधीतून पोलीस व तुरुंग विभागाच्या कामांसाठी तीन टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. गाड्या, सीसीटीव्ही, छोटी बांधकामे यांसाठी हा पैसा मोलाचा, कारण तो मंत्रालयाच्या सगळ्या पायऱ्या न चढता मिळतो. तो देते पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती. आपले आयुक्तालय एक, पण जिल्हे दोन. मीरा-भाईंदरसाठी ठाणे जिल्ह्याच्या समितीचे दार ठोठावायचे, वसई-विरारसाठी पालघरच्या. पालघर आदिवासीबहुल जिल्हा असल्याने त्याच्या योजनेत आदिवासी उपयोजनेचा वाटा मोठा आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण तीन टक्के निघतात सर्वसाधारण भागातून, आणि त्यावर पालघरच्या पोलीस अधीक्षकांचाही हक्क आहे. जव्हार-मोखाड्याच्या चौक्या आणि नालासोपाऱ्याचे कॅमेरे एकाच थाळीतून जेवतात. यात कोणाचे चुकते असे मला म्हणायचे नाही. पण शहरी भागाला शहरी मागण्या मांडायला दोन वेगवेगळ्या बैठकांत जावे लागते, ही रचना कोणी मुद्दाम आखली असती तर त्याला वेड्यात काढले असते.

दिल्लीचा पैसा हा दुसरा पुष्कळदा ऐकलेला आणि कमी समजलेला विषय. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना १९६९-७० पासून चालू आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यांना ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य असे प्रमाण लागू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी २६,२७५ कोटींच्या छत्रयोजनेला मंजुरी दिली, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. त्यातला राज्यांच्या पोलीस आधुनिकीकरणाचा भाग ४,८४६ कोटी होता. पाच वर्षांत, सगळ्या राज्यांना मिळून. म्हणजे वर्षाला हजार कोटींच्या आत, आणि त्यातला महाराष्ट्राचा वाटा, त्या वाट्यातला एका आयुक्तालयाचा घास. शिवाय मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. निर्भया निधीतून पोलीस ठाण्यांत महिला मदत कक्षासाठी मदत आली तीही ठाण्यामागे लाखाच्या घरात. त्याच निधीतल्या 'सेफ सिटी' प्रकल्पासाठी देशातली ८ महानगरे निवडली गेली. त्यात मुंबई आहे. मुंबई दहिसरला संपते.

केंद्राच्या पैशाची खरी गंमत किनाऱ्यावरच्या अर्नाळ्याला दिसते. २६/११ नंतर किनारा सुरक्षेला जोर आला, आणि केंद्राच्या सागरी सुरक्षा योजनेतून राज्यांना गस्ती नौका मिळाल्या. नौका मिळणे ही बातमी असते. तिचे डिझेल, तिचे सुटे भाग, ती चालवणारी प्रशिक्षित माणसे ही बातमी नसते, आणि हा आवर्ती खर्च अखेर राज्याच्या माथ्यावर येतो. ज्याने मासेमारीची होडी सांभाळली आहे अशा कोणत्याही अर्नाळकराला विचारा: होडी घेणे सोपे, ठेवणे कठीण. आपली सरकारे घेण्यात उत्साही आणि ठेवण्यात उदास असतात. पोलीस निधीवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे, रकमेच्या लहानपणापेक्षाही.

पैशाच्या किती वाटा असू शकतात हे पाहायचे असेल तर वसई रोड स्थानकावर उभे राहा. फलाटावर रेल्वे सुरक्षा दलाचा जवान दिसेल; तो केंद्राचा, त्याचा खर्च रेल्वेचा. शेजारी लोहमार्ग पोलीस. तो राज्याचा, पण त्याचा निम्मा खर्च रेल्वे देते आणि निम्मा राज्य. जिना उतरून रिक्षातळाशी आलात की आयुक्तालयाची हद्द, तिथला हवालदार पूर्णपणे राज्याच्या तिजोरीतला. पाकीट फलाटावर मारले की जिन्यावर, यावरून गुन्हा कुठे नोंदवायचा हे ठरते, एवढे प्रवाशांना माहीत असते. कोणाच्या पैशाने तो तपासला जाणार हेही त्याच पायरीवर ठरते.

दंडाबद्दल एक गैरसमज मात्र लगेच दूर केला पाहिजे. वाहतूक पोलिसाने ई-चलान फाडले की 'यांचे टार्गेट पूर्ण झाले' असे आपण म्हणतो. उद्दिष्ट दिले जाते की नाही हा वेगळा वाद. पण दंडाचा पैसा ठाण्याला मिळत नाही, आयुक्तालयालाही नाही. तो घटनेच्या २६६ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीत जातो. मिळणारा पैसा वर जातो आणि लागणारा पैसा वरून येतो, दोहोंचा एकमेकांशी संबंध नसतो. हे योग्यच आहे. पोलिसाचे पोट त्याने केलेल्या दंडावर चालू लागले तर रस्त्यावरून चालणे मुश्किल होईल.

आता त्या बाजूकडे वळतो जिच्याबद्दल कोणी सहसा लिहीत नाही. सरकारी पैसा जिथे कमी पडतो तिथे 'लोकसहभाग' पुढे येतो. रस्त्यावरचे बॅरिकेड जवळ जाऊन वाचा. वर 'पोलीस' आणि खाली सराफाचे, क्लासचे किंवा बांधकाम व्यावसायिकाचे नाव. चौकीचे पत्रे कोणी दिले, कॅमेरे कोणी बसवले, याचे फलक लागतात. देणाऱ्यांतले बहुतेक सद्हेतूने देतात, हे मान्य. पण आपले शहर कसे वाढले ते डोळ्यांसमोर ठेवा. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला पाडल्या, तेव्हा शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली आणि दिवसेंदिवस पोलीस बंदोबस्त लावावा लागला. त्या बंदोबस्ताचे मनुष्यतास राज्याच्या तिजोरीतले होते. इमारती विकून नफा घेणाऱ्यांच्या खिशातला त्यात एक रुपया नव्हता. ज्या शहरात जमीन, बांधकाम आणि फसवणूक यांचे गुन्हे ठाण्यांपुढे सतत येतात, तिथे ठाण्याच्या दारातले बॅरिकेड बांधकाम व्यावसायिकाच्या नावाचे असू नये. यासाठी नियमांचे पुस्तक उघडायची गरज नाही. खाजगी माणसाला पोलीस हवे असतील तर कायद्यात सरळ वाट आहे: १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात अर्जदाराच्या खर्चाने जादा पोलीस देण्याची तरतूद आहे, पैसे शासनाकडे भरायचे. देणगी आणि शुल्क यांतला फरक तिथे स्पष्ट आहे.

बाहेरच्या जगात वेगळे करून पाहिलेले आहे. इंग्लंड-वेल्समध्ये ४३ पोलीस दले आहेत; त्यांना गृहखात्याचे अनुदान मिळते आणि शिवाय रहिवाशांच्या स्थानिक कराच्या बिलावर पोलिसांसाठी वेगळी ओळ असते. आपल्या घरपट्टीत नसलेली ती ओळ. अमेरिकेत शहरे आणि परगणे आपापल्या करातून पोलीस ठेवतात, वरून अनुदाने येतात. त्यातल्या एका मोठ्या केंद्रीय अनुदानाचे राज्यांतले वाटप निम्मे लोकसंख्येवर आणि निम्मे हिंसक गुन्ह्यांवर होते. सूत्र छापलेले असते, कोणीही गणित करून पाहावे. मला त्या देशांचा हेवा वाटत नाही. स्थानिक करावर पोलीस ठेवले की श्रीमंत गावाला श्रीमंत पोलीस आणि गरीब गावाला गरीब. आपल्याकडे गडचिरोलीच्या आणि विरारच्या शिपायाची मूळ वेतनश्रेणी एकच असते, ही लहान गोष्ट नाही. हेवा वाटतो तो फक्त छापलेल्या सूत्राचा. अमुक घटकाला अमुक रक्कम का, याचे उत्तर आपल्याकडे 'मागील वर्षाच्या तरतुदीवर आधारित' असे येते, आणि मागील वर्षाचे उत्तर त्याच्या मागील वर्षावर.

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. बदल्या, मुदती, तक्रार प्राधिकरण यांवर त्यानंतर खूप शाई खर्च झाली. पैशावर झाली नाही. पोलिसाला राजकीय दबावातून सोडवायचे म्हणतो आपण, आणि त्याला कागदाच्या रिमेसाठी तक्रारदाराकडे, बॅरिकेडसाठी सराफाकडे आणि चौकीसाठी स्थानिक पुढाऱ्याकडे हात पसरायला लावतो. असा माणूस दबावमुक्त राहील अशी अपेक्षा करणे हा भाबडेपणा आहे.

पुढील प्रकरणांत अर्थसंकल्पाची पाने कशी वाचायची, चारमाही-आठमाही अंदाज म्हणजे काय, पुरवणी मागण्या कधी येतात, हे सोप्या भाषेत आहे. कंटाळा आला तर तक्ते सोडा, पण पदांचे प्रकरण सोडू नका. आणि वाचून झाल्यावर एक काम करा. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४(१)(ख) मधली अकरावी बाब सांगते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अंतर्गत यंत्रणांना वाटलेले अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष वितरणाचा तपशील कोणी न मागता, स्वतःहून प्रसिद्ध केला पाहिजे. आपल्या आयुक्तालयाचा तो कागद आधी शोधा. सापडला नाही तर १० रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक लावून अर्ज करा आणि तीनच गोष्टी विचारा: माझ्या ठाण्याला मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि गेल्या वर्षी इंधन व कार्यालयीन खर्चासाठी किती रक्कम मिळाली. उत्तर आले की ते घेऊन नगरसेवकाकडे जाऊ नका. अर्थसंकल्पीय अधिवेशनापूर्वी, जानेवारीतच, आपल्या आमदाराकडे जा. बी-१ मागणीवर मत देण्याचा अधिकार त्याला आहे.